खापर वहीवर फोडू नका

चार कलाशिक्षक जमले, चहा झाला, की हल्ली एक विषय हमखास निघतो: ती वर्कबुकची भानगड एकदाची बंद करा. चित्रकलेच्या मुलाने वर्षभर वही भरायची, तिच्यात कच्ची रेखाटनं, रंगांचे ठिपके, चिकटवलेले तुकडे, ‘मला असं वाटलं म्हणून मी तसं केलं’ छापाच्या नोंदी, आणि वर त्या वहीलाही गुण! कशासाठी? चित्र काढ, चित्र दाखव, घरी जा. असं म्हणणारे कुणी ऐरेगैरे नाहीत. त्यांच्यात उत्तम हाताची माणसं आहेत, वर्षानुवर्षं इंटरमिजिएटच्या तुकड्या तयार करणारी, पोरांच्या घरी जाऊन आईबापांना समजावणारी. म्हणून तर उत्तर द्यायचं. नाहीतर ऐकून सोडून दिलं असतं.

त्यांचं म्हणणं साधारण असं आहे. चित्र स्वतःच बोलतं, त्याला वहीचा वकील लागत नाही. वहीत लिहायला लागतं, त्यामुळे चार वाक्यं बरी लिहिणारं मूल पुढे जातं आणि ज्याचा हात चालतो पण तोंड चालत नाही ते मागे पडतं. शिवाय या वह्या शेवटच्या पंधरवड्यात बसून ‘बनवल्या’ जातात, म्हणजे सगळा मामलाच खोटा. हे परदेशी बोर्डांचं फॅड, आपल्याला कशाला हवं? आणि शेवटचं ब्रह्मास्त्र: प्रतिभेचं नियोजन होत नसतं.

परदेशीपणाचा मुद्दा आधी उरकून टाकतो, कारण त्यात दम नाही. परदेशी म्हणून हाकलायचं ठरवलं तर आधी घरातलं आवरावं लागेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती ही आपल्या ग्रेड परीक्षांची घडण कुठली? 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं, तिथला अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या वळणाने गेला आणि आपल्या परीक्षा त्याच वळणावर वाढल्या. त्यांना आपण परदेशी म्हणत नाही, कारण आजोबांपासून सवय झाली आहे. वर्कबुक म्हणजे लाखांनी फी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांचं खूळ, हेही खरं नाही. सीबीएसईच्या बारावीचा ‘पेंटिंग’ विषय काढून बघा. 70 गुण प्रात्यक्षिकाचे, त्यातले 20 पोर्टफोलिओचे, आणि त्या 20 मधले 10 गुण वर्षभराच्या कामाच्या नोंदीला, पहिल्या कच्च्या रेखाटनापासून पुऱ्या झालेल्या चित्रापर्यंतच्या. हा विषय केंद्रीय विद्यालयात शिकणारं हवालदाराचं मूलही घेतं. तेव्हा ‘श्रीमंतांचे चोचले’ हा शब्द परत घ्यावा, एवढीच विनंती.

खरा वजनदार आरोप खोटेपणाचा आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो.

खोट्या वह्या मी ढिगाने पाहिल्या आहेत. बाह्य परीक्षक म्हणून गेलं की टेबलावर त्यांची चळत लागलेली असते. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला, कडा उदबत्तीने जाळलेल्या, मुखपृष्ठावर सुतळी आणि वाळलेलं पिंपळपान. पहिल्या पानावर मधोमध गोल, त्यात ‘निसर्ग’, आणि त्यातून फुटलेले सात फुगे. चौथ्या पानावर व्हॅन गॉगचा फोटो आणि छापून चिकटवलेलं चरित्र. जूनपासून फेब्रुवारीपर्यंतच्या तारखा, सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत घातलेल्या. अक्षराचा कलसुद्धा बदलत नाही. आणि कच्ची रेखाटनं? ती तर सगळ्यात मजेदार. अंतिम चित्र खिडकीच्या काचेवर धरून त्याच्यावरून पेन्सिलीने उतरवलेली. रेषा कुठे चाचपडत नाही, कुठे दुसऱ्यांदा फिरत नाही. मांडणी पहिल्या दिवसापासून अगदी अंतिम चित्रासारखी. वर एखादी चूक मुद्दाम पेरलेली, तिच्यावर सुबक लाल फुली.

हे सगळं खरं. पण याचं खापर वहीवर का? ही वही फेब्रुवारीत बनली, कारण तोपर्यंत कुणी ती मागितलीच नाही. जूनमध्ये विषय-शिक्षकाने ती उघडून पाहिली नाही, ऑगस्टमध्ये नाही, दिवाळीच्या सुट्टीआधी नाही. परीक्षेची तारीख लागली तेव्हा वर्गात फर्मान सुटलं: ‘वर्कबुक पूर्ण करून आणा.’ मुलांनी आज्ञा पाळली. पहिलीपासून त्यांना आपण हेच तर शिकवलं आहे. एक रफ वही, ती कुणी बघत नाही, वर्ष संपलं की रद्दीत. एक फेअर वही, तिला खाकी कव्हर, लेबल, समास, बाईंची सही. अशा मुलाला दहा-बारा वर्षांनी सांगायचं की आता रफ वहीच बघणार आहोत. तर ते बिचारं काय करणार? ते रफ वही फेअर करून आणतं. उदबत्तीने जाळलेल्या कडा म्हणजे फेअर केलेला रफपणा आहे. रोग शाळेच्या सवयीत आहे, वहीत तो फक्त दिसून येतो.

आणि खोटेपणाचंच म्हणाल तर अंतिम चित्रं सोवळ्यातली असतात का? क्लासमधल्या सरांचा हात लागलेली व्यक्तिचित्रं आपण सगळ्यांनी ओळखली आहेत. केस मुलाने काढलेले, डोळे आणि नाकाचा शेंडा सरांनी ‘करेक्ट’ केलेला. आपण ओळखतो, एकमेकांकडे बघून हसतो आणि गुण देतो, कारण सिद्ध कसं करणार? चित्र भिंतीवर लटकलेलं, गप्प. वहीचं तसं नाही. वही उघडून मुलाला विचारता येतं, हे पान का सोडून दिलंस? इथे तीन मांडण्या आहेत, त्यातली मधली का घेतलीस? ज्याने काम केलं आहे ते मूल अडखळत का होईना, पण सांगतं. कधी कधी उलट आपल्यालाच दोन गोष्टी शिकवतं. ज्याने केलेलं नाही ते पाठ केलेलं वाक्य म्हणतं आणि मग टेबलाकडे बघत बसतं. म्हणजे खोटेपणा पकडायची जी एक जागा आहे, तीच खोटेपणाच्या नावाखाली बंद करायची मागणी चालू आहे. याला काय म्हणावं?

त्यात आता मशीन आलं आहे. ‘पावसाळ्यातली मुंबई, जलरंग, उदास छटा’ एवढं टाइप केलं की डोळे दिपवणारी चार चित्रं मोबाइलवर हजर. त्यातलं एक समोर ठेवून कागदावर उतरवायला हात असलेल्या मुलाला एक दुपार पुरते. नुसतं पुरं झालेलं चित्र बघून हे कुणाच्या डोक्यातून आलं, ते छातीवर हात ठेवून सांगू शकणारा परीक्षक मला दाखवा. ज्यांना वही नको आहे त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं. अजून तरी कुणी दिलेलं नाही.

आता ‘चित्र स्वतः बोलतं’. बोलतं ना. बघणाऱ्याशी बोलतं. पण ते काढणाऱ्याने काय काय नाकारलं हे चित्र सांगत नाही, आणि शिकवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

पिकासोचं ‘गेर्निका’ घ्या. 1937 च्या जानेवारीत स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने त्याला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मोठं चित्र सांगितलं. कित्येक आठवडे गेले, काही जमेना. 26 एप्रिलला गेर्निका गावावर बॉम्ब पडले. 1 मेला पहिली रेखाटनं कागदावर आली आणि जूनच्या सुरुवातीला पावणेआठ मीटर रुंदीचा कॅनव्हास पुरा झाला. मधल्या पाचेक आठवड्यांतली 45 रेखाटनं आणि अभ्यासचित्रं आज उपलब्ध आहेत, तारखांसकट. शिवाय छायाचित्रकार डोरा मारने कॅनव्हासच्या एकेका अवस्थेचे फोटो काढून ठेवले. त्या फोटोंत जमिनीवर पडलेल्या योद्ध्याचा हात मूठ आवळून सरळ वर उगारलेला दिसतो, मोर्चातल्या घोषणेसारखा. पुढच्या फोटोत मुठीत गव्हाच्या लोंब्या येतात, मागे सूर्य येतो. मग हात, मूठ, लोंब्या सगळं नाहीसं होतं. नक्षीच्या कागदाचे तुकडे कॅनव्हासवर लावून पाहिले गेले आणि काढलेही गेले. ज्या दिवशी त्याने ती मूठ पुसली त्या दिवशी चित्र पत्रकातून बाहेर पडलं, असं माझं मत आहे. कुणाला ते पटणार नाही. पण हा वाद तरी घालता येतो तो त्या तारखा आणि त्या फोटोंमुळे. आज माद्रिदला त्या चित्रासमोर नुसतं उभं राहून ती मूठ कुणाला दिसणार नाही.

‘ते पिकासो, आमची बारावीची पोरं,’ असं लगेच ऐकू येईल. बरं, घरचे घेऊ. म. वि. धुरंधर 1890 मध्ये जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि 1931 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. त्या काळाची हकिगत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात सांगितली आहे. ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920 च्या पुस्तकातली त्यांची चित्रं पाहिली की जातीजमातींची नेसणी, पदर घेण्याची तऱ्हा, दागिना, चालण्यातला ठसका या साऱ्यांवर या माणसाची केवढी पकड होती ते कळतं. ती पकड आली रोजच्या पेन्सिलीतून. लहान लहान कागदांवरची त्यांची रेखाटनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांना वर्कबुक भरा असं कुणी बजावलं नव्हतं हे खरं. पण मग आपल्या मुलांनाही कुणी बजावायला लागू नये, अशी सवय त्यांना आपण कधी लावली?

शब्दांचं वावडं असलेल्यांसाठी प्रभाकर बरवे. त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये वस्तू, अवकाश, आकार यांच्याबद्दलचा जो विचार आहे तो दिवाणखान्यात बसून सुचलेला नाही, हा चित्रकार वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत होता, त्यात लिहिता लिहिता रेखाटत होता आणि रेखाटता रेखाटता लिहीत होता. 2019 मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रांच्या जोडीने त्या डायऱ्याही मांडल्या होत्या. वासुदेव गायतोंडे तर बोलण्याच्या बाबतीत कंजूष माणूस. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने 2014 मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि नाव दिलं ‘पेंटिंग अ‍ॅज प्रोसेस, पेंटिंग अ‍ॅज लाइफ’. कॅनव्हाससमोर तासन्‌तास बसणाऱ्या माणसाचं काम समजून घ्यायला त्याची प्रक्रियाच हातात घ्यावी लागते, हे तिथल्या लोकांना कळलं. आपल्या वर्कबुकांत गायतोंडे येतात ते असे: जन्म 1924, नागपूर, खाली फोटो, खाली ‘मला यांच्यापासून प्रेरणा मिळाली’. त्याऐवजी मुलाने रोलर घ्यावा, ओल्या रंगावर वर्तमानपत्राचा फाटका तुकडा दाबावा, उचलावा, काय उरलं ते बघावं आणि शेजारी लिहावं की कागद फार वेळ ठेवला तर रंगच निघून येतो. तो एक डाग दोन पानी चरित्रापेक्षा गायतोंड्यांच्या जास्त जवळ जातो.

इथे कुणीतरी आर. के. लक्ष्मण यांचं नाव काढतंच. जे. जे.ने त्यांना प्रवेश नाकारला होता, तेव्हा तुमच्या पोर्टफोलिओ-बिर्टफोलिओत काय ठेवलंय? हा दाखला माझ्याच बाजूचा आहे, हे म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हैसूरहून पाठवलेली चित्रं बघून मुंबईत निकाल झाला. त्या मुलाशी समोरासमोर कुणी बोललं नाही, तो काय बघतो आणि कसं बघतो हे कुणी विचारलं नाही. काम एकतर्फी बघून घेतलेल्या निर्णयाचं यापेक्षा ठळक उदाहरण आपल्याकडे नाही.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. यात मात्र विरोधकांच्या हाताला काहीतरी खरं लागलं आहे. इंग्रजी माध्यमाच्या चकचकीत वाक्यांना आपण भुलतो. नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ‘रिफ्लेक्शन’ लिहायला सांगितलं की ते ‘आय वॉज डीपली इन्स्पायर्ड’ असलं काहीतरी शोधून आणतं, आणि त्या वाक्यात त्याचं स्वतःचं काही नसतं. पण यावर उपाय वही बंद करणं हा नाही. मराठीत लिहू द्या. बोलीत लिहू द्या. एक ओळ लिहू द्या. काही ठिकाणी तर लेखनाशिवायही चालतं: न्यूझीलंडमध्ये शेवटच्या वर्षाला चित्रकलेचं मूल ए-वन आकाराचे तीन फलक लावतं, आणि एका फलकावरून दुसऱ्यावर कल्पना कशी सरकत गेली ते चित्रांच्या क्रमातूनच वाचायचं असतं. तिथे क्रम हीच भाषा. म्हणजे ‘वर्कबुक म्हणजे निबंध’ हे समीकरण आपण आपल्या सोयीने मांडलं आहे.

एका मुलीची वही सांगतो. चाळीत राहणारी, पाणी सकाळी दीड तास. विषय घेतला दारापुढची निळी प्लास्टिकची पिंपं. पहिलं पान अपेक्षेप्रमाणे: गॅलरीत रांगेने पिंपं, छान यथार्थदर्शन, कॅलेंडरवर खपेल असं जलरंगचित्र. पुढची बरीच पानं निळ्याशी झटापट. अल्ट्रामरीनमध्ये पांढरा घातला, शेजारी पेन्सिलीने: ‘जांभळट होतो.’ प्रशियन ब्लू, पांढरा, किंचित बर्न्ट सिएना: ‘जवळ आला. पण हा निळा फार श्रीमंत दिसतो.’ मग तिच्या लक्षात आलं की पिंपाची उन्हाकडची बाजू खडूसारखी पांढुरकी पडते आणि भिंतीकडची अजून चमकते, म्हणजे एक निळा नाहीच, दोन आहेत. ‘धूळ रंगात कशी घालू?’ अशी नुसती एक ओळ, पुढे अर्धं पान कोरं. पुढच्या आठवड्याच्या तारखेला कोरड्या ब्रशने गेरूमिश्रित पांढरा ओढलेला चौकोन आणि खाली ‘हां’. एवढंच. ‘हां’ला गुण कसे द्यायचे, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, पूर्ण द्या.

निळा जमला, तिथून वही वळते. तिने झाकणांकडे बघायला सुरुवात केली. प्रत्येक घराने आपलं पिंप ओळखू यावं म्हणून काही ना काही केलेलं: ऑइलपेंटने आडनाव, कडीला बांधलेली चिंधी, एका ठिकाणी चक्क साखळी आणि कुलूप. झाकणावर पातळ कागद ठेवून तिने शिसपेन्सिलीने घासून ठसे घेतले. मग लिनो. पहिल्या लिनोत आडनाव उलटं छापून आलं, ते पान तसंच आहे, फाडलेलं नाही, शेजारी ‘आरसा!!’. अंतिम काम म्हणून तिने नुसत्या काळ्या शाईतले झाकणांचे लिनो-छाप एका ओळीत लावले. निळ्याचा कुठे टिपूस नाही.

आता नुसती भिंत बघणारा परीक्षक म्हणेल: चांगलं आहे, रंगावर हात नसावा. वही बघणाऱ्याला कळतं की रंग जमला होता आणि मग तो सोडला. एका पानावर तिने तसं लिहिलंही आहे: ‘निळं केलं की पिंपं सुंदर दिसतात. मला सुंदर नको आहेत, मला कोणाचं कुठलं ते हवं आहे.’ बारावीतल्या मुलीने स्वतःच्या कामाबद्दल असा निर्णय घेणं आणि त्यासाठी दोन महिन्यांची मेहनत बाजूला ठेवणं, हे शिकवण्यासाठीच आपण पगार घेतो ना? ते दिसतं कुठे, तर वहीत.

आता ते ब्रह्मास्त्र, प्रतिभेचं नियोजन. प्रतिभेचं नियोजन कुणी मागितलेलं नाही. नियोजन वहीचं करायचं आहे, आणि ते कंटाळवाणं, गवंडीकामासारखं आहे, म्हणून आपल्याला नको असतं. वही शिवलेली हवी; स्पायरलची नको, तिचं पान मागमूस न ठेवता फाटतं. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना आकडे घालून घ्यावेत. पानावर तारीख, त्या दिवशीची. कागद जरा जाड कार्ट्रिज, नाहीतर पाणी लागलं की मागचं पान रडतं. पहिले सहा-सात आठवडे विषय जाहीरच करू नये; ‘निसर्ग’, ‘स्त्री’, ‘पर्यावरण’ असली मोठी नावं तिथेच गळून पडतात आणि पिंपासारखं काहीतरी हाताला लागतं. महिन्यातून एकदा शिक्षकाने वही घरी न नेता, मुलाच्या शेजारी बसून उलटावी, आणि लाल पेन खिशातच ठेवावं. चांगलं-वाईट न सांगता एवढंच विचारावं: यातलं काय पुढे नेणार, काय इथेच ठेवणार? दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक कल्पनांवर काट बसलेली असावी. बसली नसेल तर मूल निवड करत नाहीये, नुसतं भरत चाललंय, हे तेव्हाच कळतं, आणि तेव्हा कळलं तर उपाय असतो. मोठ्या कामाला हात घालायचा तो सुट्टीनंतर.

यात प्रतिभेचा गळा कुठे दाबला जातो, ते मला कुणी दाखवून द्यावं. उलट ज्याला आपण उपजत हात म्हणतो, त्या मुलाला याची गरज जास्त. त्याला पहिल्या फटक्यात बरं जमतं, वाहवा मिळते आणि ते तिथेच थांबतं. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी घेतलेली आणि पुढे पाच वर्षं तोच पितळी तांब्या, तोच जांभळा पडदा काढत राहिलेली मुलं आपल्या ओळखीची आहेत. त्यांच्या हातात दोष नव्हता. पहिलं जमलेलं बाजूला सारून दुसरं शोध, असं त्यांना कुणी म्हणालं नाही, आणि म्हणायला समोर काही नव्हतंही. होती ती फक्त नीट फ्रेम केलेली चित्रं.

वहीविरोधकांशी एका बाबतीत मी आनंदाने हात मिळवीन. वहीच्या गुणांमधला ‘सादरीकरण’, ‘नीटनेटकेपणा’, ‘सजावट’ असा जो काही रकाना शाळाशाळांत घुसला आहे, तो उद्याच्या उद्या काढून टाकावा. मुखपृष्ठाकडे बघूसुद्धा नये. पानांची संख्या मोजू नये. त्याऐवजी परीक्षेच्या दिवशी मूल आणि वही एकत्र समोर बसवावीत, परीक्षकाने स्वतः कुठलंही पान उघडावं आणि त्या पानाबद्दल बोलावं, मराठीत, हिंदीत, कोकणीत, मुलाला येईल त्या भाषेत. ‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’ हा पुढचा आक्षेप मला पाठ आहे. वीस मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं: साडेतीन तासांच्या आत काम उरकतं. तेवढा वेळ मानधनाची बिलं, तीन प्रतींतल्या गुणयाद्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला अल्पोपाहार यांच्यात आताही जातोच.